न जळालेला कॉम्प्युटर

“छगनमामा, हा डबा तुमच्याकडे कसा आला?”

प्रज्ञा दुकानाच्या पायरीवरच थबकली. सुट्टीचा पहिला दिवस होता. मैत्रीण मनकर्णा आणि धाकटा भाऊ चेतन यांच्याबरोबर ती विहिरीवर पोहायला निघाली होती, आणि वाटेत पाणी प्यायला तिघं छगनमामांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वळली होती. तिथे टीव्हीच्या रिकाम्या खोक्यांमागे एक पांढरट पत्र्याचा डबा उभा होता. कोपऱ्यात शाळेचं नाव तांबड्या रंगात लिहिलेलं.

“त्यो व्हय? तुमच्या शाळंतला कम्प्युटर हाय,” एका रेडिओला डाग देता देता मामा म्हणाले. “कोरडे सरांनी दिला. म्हनले, समदा जळून खाक झालाय, स्क्रू-वायरी कामाला येत्यात का बघ. तुझ्याच हातनं जळाला न्हवं का?”

मामांनी सहज विचारलं, पण प्रज्ञाची कानशिलं तापली.

बोरजळीच्या शाळेत कॉम्प्युटर एकच. गावच्या ज्ञानेश्वरीताई पुण्यात इंजिनियर होत्या, त्यांनी तो शाळेला भेट दिला होता. आठवीची मुलं पाळीपाळीने त्याच्यासमोर बसत. परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला प्रज्ञाची पाळी आली. राधाकृष्ण कोरडे सर म्हणाले, “कर चालू.” तिने बटण दाबलं. आत फट्ट झालं, करपट वास सुटला आणि सगळं थंड पडलं. सरांनी वर्गाकडे वळून सांगितलं, “हिने विचारल्याशिवाय बटण दाबलं. कॉम्प्युटर जाळला हिने.”

तेवढ्यावर भागलं असतं तर प्रज्ञाने सोसलंही असतं. पण सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. आप्पा एसटीत कंडक्टर. ड्युटीवरून खाकी कपड्यांतच धावत आले. शाळेच्या ओट्यावर, सगळ्या मुलांसमोर सरांनी त्यांना माफीपत्र लिहायला लावलं. आप्पांनी सही केली आणि हात जोडले. “पोरीची चूक झाली, सर. लहान हाय.”

ते जोडलेले हात प्रज्ञाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतही कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालं होतं, “हीच ती, कॉम्प्युटर जाळणारी.” तेव्हापासून ती रोज झोपताना सरांना कुठे ना कुठे आपटायची. कधी विहिरीत, कधी शेणाच्या खड्ड्यात. सूड हा शब्द तिने मोठ्याने उच्चारला नव्हता, पण हवा होता तोच.

“मामा, हा उघडू का?” तिने विचारलं.

“उघड की. त्यो बघ, स्क्रू-ड्रायव्हर तिथं हाय.”

झाकण निघालं. आत पिठासारखी धूळ साचली होती. चेतनला दोन शिंका आल्या. मनकर्णा मात्र डोळे बारीक करून एका जागी बघत राहिली.

“इथे बघ. एवढा चौकोन कसा स्वच्छ आहे? भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की खाली असाच डाग दिसतो.”

खरंच, तळहाताएवढ्या एका जागेवर धुळीचा कणही नव्हता. तिथे एक वायर नुसतीच लोंबत होती. शेजारी मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या तीन खाचा होत्या. त्यांतल्या दोन रिकाम्या आणि लखलखीत. तिसरीत तेवढी एक पट्टी, धुळीने माखलेली.

प्रज्ञाला वर्गातली आकृती पाठ होती. “हार्डडिस्क गेलीय,” ती हळूच म्हणाली. “दोन पट्ट्याही गेल्यात. कुणीतरी काढून नेल्यात, आणि त्याही अलीकडेच.”

“पण जळलेल्या वस्तू कोण नेईल?” चेतनने विचारलं.

“तेच तर,” मनकर्णा म्हणाली.

आता मामाही रेडिओ बाजूला ठेवून पुढे सरकले. कॉम्प्युटरला वीज पुरवणारी जाड पत्र्याची पेटी त्यांनी सोडवून उघडली. आतला फ्यूज काळाठिक्कर पडला होता आणि एका नळकांड्याचं पोट फुगून फुटलं होतं.

“व्होल्टेज लई आलं. पर हितंच अडकलं, म्होरं न्हाई गेलं,” मामा म्हणाले. “वर्गात स्टॅबिलायझर न्हवता का?”

“आहे की,” प्रज्ञा म्हणाली आणि थांबली. तिला आठवलं. त्या दिवशी सरांच्या टेबलाशेजारी नवा कूलर घुरघुरत होता. खुर्चीपर्यंत जाताना तिला त्याची वायर ओलांडावी लागली होती, आणि ती वायर स्टॅबिलायझरला लावलेली होती. कॉम्प्युटरची पिन होती सरळ भिंतीत.

तिने ते सांगितलं तेव्हा मामा हसले नाहीत. “असं हाय व्हय,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “मोठ्या बाईंना जाऊन सांगू. थोरात बाई ऐकून घेत्यात.”

“नाही, मामा. आत्ता सांगितलं तर ऑफिसचं दार लावून मिटवतील. आप्पांनी हात जोडले ते सगळ्यांसमोर. सरांचं तोंडही मला सगळ्यांसमोर उतरलेलं बघायचंय.”

मामांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” ते म्हणाले.

“पण नुसतं बोलून आपलं कोण ऐकणार?” मनकर्णा म्हणाली. “सर सगळा जळाला म्हणतात ना? मग आधी हा चालू करून दाखवायला हवा.”

पोहणं राहिलं ते राहिलंच. दुकानात गोणपाट अंथरून तिघांनी सगळे भाग सुटे केले. ठेवायचं, टाकायचं आणि माहीत नाही, असे तीन ढीग ठरले. पहिल्या तासात सगळं तिसऱ्याच ढिगात गेलं. फ्लॉपी ड्राइव्ह, पडद्याला जोडायचं कार्ड, मोठा हिरवा मदरबोर्ड. चेतनने ती एकटी उरलेली मेमरीची पट्टी उचलून टाकायच्या ढिगात भिरकावली.

“काळी पडलीय. आणि ज्याने बाकीच्या दोन नेल्या त्यानेही ही सोडलीच ना? म्हणजे फुकटच असणार.”

“ए बाबा,” मामा म्हणाले, “वंगाळ दिसतंय म्हनून टाकायचं न्हाई आन् चांगलं दिसतंय म्हनून ठेवायचं न्हाई. लावून बघायचं, मग ठरवायचं. माझ्याकडं निम्मे टीव्ही लोकांनी मेले म्हनूनच आनलेले असत्यात.”

दोन दिवस मामा त्या पेटीवर खपत होते. एका मोडक्या टीव्हीतून नळकांडं काढलं, नवा फ्यूज टाकला आणि ट्रॅक्टरचा दिवा जोडून बघितला. दिवा लख्ख पेटला. मग पेटी डब्यात बसली. मॉनिटर शाळेतच होता. तो “जळाला” नव्हता, सरांनी ठेवून घेतला होता. त्यामुळे पडद्यावर काही दिसण्याची सोय नव्हती. पण प्रज्ञाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बरा असला की हा कॉम्प्युटर सुरू होताना एकदाच पीप असा आवाज करायचा.

तिने बटण दाबलं. पंखा फिरला आणि पाठोपाठ पीप, पीप, पीप, पीप. थांबेचना.

“रडतंय ते,” चेतन म्हणाला.

“रडतंय म्हणजे जिवंत आहे,” मनकर्णा म्हणाली.

सगळं काढून पुन्हा लावलं. पुन्हा तीच रड. कार्ड बदलून दुसऱ्या खाचेत घातलं, पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली, तरी तेच. संध्याकाळ झाली तशी प्रज्ञाचा धीर सुटत चालला. एक मे जवळ आला होता. त्या दिवशी शाळेत झेंडावंदन, निकाल आणि ज्ञानेश्वरीताईंच्या हस्ते नव्या कॉम्प्युटरचं उद्घाटन. सरांनीच त्यांना पत्र लिहून नवा मागवला होता.

मामांनी ती काळी पट्टी उजेडात धरली. “हिचे हे पिवळे दात मळल्यात. दप्तरात खोडरबर हाय का कुनाच्या?”

चेतन घरी पळाला आणि खोडरबर घेऊन आला. प्रज्ञाने ते दात एकेक करून घासले. पहिल्यांदा काळं निघालं, मग पिवळं चमकायला लागलं. पट्टी पुन्हा खाचेत बसवली आणि बटण दाबलं.

पीप.

एकच. मग फ्लॉपी ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला आणि आत काहीतरी कुरकुरलं. शाळेची फ्लॉपी अजून त्यातच होती. प्रज्ञाने पट्टीवरून हात फिरवला आणि मदरबोर्ड, कार्ड, ड्राइव्ह आणि पट्टी यांची नावं ठेवायच्या यादीत लिहिली. टाकायच्या यादीत फक्त एक फ्यूज आणि एक फुटकं नळकांडं उरलं.

“आता चोर,” ती म्हणाली.

“मला वाटतं, मला माहीत आहे तो,” मनकर्णा म्हणाली. “आमच्या ताईच्या लग्नपत्रिका मिरजगावला छापायला टाकल्यात. ते दुकान सरांच्या मेहुण्याचं आहे. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा नुसती पाटी होती. आता दादा सांगत होता, कॉम्प्युटर आलाय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं सायकलींवर मिरजगावला पोहोचली. दुकान हमरस्त्यालाच होतं. मालक गोरक्षनाथ, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. पत्रिकांचा गठ्ठा बांधता बांधताच त्याने पोरांना कॉम्प्युटर दाखवायला घेतला.

“नवा आहे का, काका?” प्रज्ञाने विचारलं.

“निम्मा नवा, निम्मा जुना,” तो अभिमानाने म्हणाला. “कॉम्प्युटर बांधायचा तर डोकं लागतं बघा. जुन्यातलं काय ठेवायचं ते कळलं पाहिजे. मदरबोर्ड मी पुण्याहून नवा आणला. पण हार्डडिस्क जुनीच ठेवली, ठणठणीत होती. मेमरीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, या मदरबोर्डाला त्या जोडीनेच लागतात. तिसरी निराळी निघाली, ती दिली सोडून.”

“जुना कुठे मिळाला?”

“दाजींनी दिला की. शाळेने बाद केला होता म्हणे.”

चेतनने तोंड उघडलं तशी मनकर्णाने त्याच्या पायावर पाय दिला. प्रज्ञाने आवाज साधाच ठेवला.

“यात चित्रं पण असतात का, काका?”

गोरक्षनाथने चित्रांची यादी उघडली. पाचव्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: पिंपळ. जयंतीच्या पत्रकासाठी तिने तीन तासांच्या पाळ्या घालवून काढलेलं पिंपळाचं पान. ते छापायचं राहूनच गेलं होतं.

“हे काय आहे?”

“बघू की.” त्याने ते उघडलं. पडद्यावर हिरवं पान आलं आणि त्याखाली इंग्रजीत नाव, प्रज्ञा, इयत्ता आठवी. “आधीचंच आहे कुणाचं तरी. पुसायचं राहिलं.”

“छान आहे. छापून द्याल का? आणि खाली तुमच्या दुकानाचं नाव नि आजची तारीख टाका ना. मैत्रिणींना दाखवीन, कुठे छापलं ते.”

गोरक्षनाथ खूश झाला. त्याने दुकानाचं नाव ठळक अक्षरांत टाकलं, खाली पत्ता आणि तारीख. एक सोडून दोन प्रती दिल्या.

परतीच्या वाटेवर प्रज्ञा म्हणाली, “नवा कॉम्प्युटर शाळेत येऊन पडलाय. माइकचं सामान काढायला मामांकडे त्या खोलीची किल्ली असते. कूलर अजून स्टॅबिलायझरलाच असणार. नव्याची पिन भिंतीत लावून ठेवू. सरांनी बटण दाबलं की फट्ट. मग लिहू दे त्यांना माफीपत्र.”

मनकर्णाने सायकल थांबवली. “मग आपण जाळला असं होईल. खरंच जाळला असं.”

प्रज्ञाला ते पटलं, पण आवडलं नाही. ती पुढचे दोन किलोमीटर जोरजोरात पायडल मारत गेली.

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं. ओट्यावर टेबल मांडलं होतं. त्यावर नवा कॉम्प्युटर फुलांच्या माळेखाली आणि शेजारी जुना मॉनिटर. पाहुण्यांसाठी कूलरही बाहेर आणून स्टॅबिलायझरला लावला होता. माइक अर्थातच छगनमामांचा. त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यांत आज एक डबा जास्त होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गर्दीत शेवटच्या रांगेत आप्पा उभे होते, दुपारच्या ड्युटीचे कपडे घालूनच.

कोरडे सर बोलायला उठले. मामांनी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने मान हलवली. बोलू दे त्यांना.

“पूर्वीचा कॉम्प्युटर,” सर म्हणाले, “एका विद्यार्थिनीच्या बेशिस्तीमुळे पूर्णपणे जळाला. त्यातला एकही भाग वापरण्याजोगा राहिला नाही. ज्ञानेश्वरीताईंनी मोठ्या मनाने दुसरा दिला. या वेळी आम्ही कुणालाही विनापरवानगी हात लावू देणार नाही.”

टाळ्या पडल्या. प्रज्ञाने त्या पूर्ण पडू दिल्या आणि मग उभी राहिली.

“ताई, मी ती विद्यार्थिनी. तुमचा कॉम्प्युटर जळालेला नाही. दाखवू का?”

सर म्हणाले, “बस खाली.” पण ज्ञानेश्वरीताई आधीच खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या. थोरात बाई म्हणाल्या, “येऊ दे तिला.”

मनकर्णा आणि चेतनने डबा उचलून टेबलावर ठेवला. मामांनी मॉनिटर जोडला, पिन स्टॅबिलायझरमध्ये घातली. आधी तिथली कूलरची पिन काढावी लागली, ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. प्रज्ञाने बटण दाबलं. पीप. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

ताई उठून जवळ आल्या आणि वाचू लागल्या. “चालू तर झालाय. पण हार्डडिस्क सापडत नाही म्हणतोय. मी दिला तेव्हा होती यात. कुठे आहे ती?”

सरांनी रुमालाने मान पुसली. “ती जळाली होती. म्हणून काढून टाकली.”

“सर, नक्की जळाली होती?” प्रज्ञाने विचारलं.

“नक्की.”

तिने घडी घातलेला कागद ताईंच्या हातात दिला. “हे माझं चित्र आहे. त्या डिस्कवर होतं. या आठवड्यात मिरजगावात छापलंय. दुकानाचं नाव आणि तारीख खाली आहे.”

ताईंनी कागद वाचला आणि थोरात बाईंकडे दिला. बाईंनी चष्मा लावून दुकानाचं नाव पाहिलं. हे दुकान कुणाचं, ते त्यांना ठाऊक होतं. निम्म्या गावाला ठाऊक होतं. गर्दीत कुजबुज पसरत गेली.

“आन् एक,” छगनमामा माइकवर म्हणाले. “फकस्त करंटची पेटी गेलती. कूलर स्टॅबिलायझरला आन् कम्प्युटर भिंतीला, मग दुसरं काय हुनार? बटन कुनीबी दाबलं असतं तरी गेलीच असती.”

“कोरडे,” थोरात बाई म्हणाल्या. त्यांनी सर म्हटलं नाही. “खरं काय?”

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि प्रज्ञा तो बघत होती. पापणीही न लववता. “मला वाटलं, तसाही बंदच पडलाय,” सर पुटपुटले. “मेहुण्याला उपयोग होईल. दुरुस्तीला पाठवला असता तर कूलरचं निघालं असतं. माझी चूक झाली.”

“ऐकू आलं नाही, सर,” प्रज्ञा म्हणाली.

चेतनने माइक उचलून सरांच्या तोंडाशी धरला. थोरात बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी त्याला अडवलं नाही.

“माझी चूक झाली,” भोंग्यातून आवाज आला. शाळेसमोरच्या चिंचेवरचे पोपट उडाले.

“माझी नाही. माझ्या वडिलांची माफी मागा. ते मागे उभे आहेत.”

गर्दी दुभंगली. सरांनी ओट्यावरूनच हात जोडले. आप्पांनी लगेच मान खाली घातली, जणू त्यांनाच लाज वाटली. मग खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि शेजारच्याला म्हणाले, “बारा वाजत आले. माझी गाडी चुकंल.” आणि निघून गेले.

प्रज्ञाला सरांचं वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. एवढे दिवस छातीत साठलेलं काहीतरी मोकळं झालं आणि तिला सपाटून भूक लागली.

कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली बाईंनी सरांकडून तिथेच काढून घेतली. बाईंचा निरोप मिळाला तसा दुपारी गोरक्षनाथ स्वतः मोटारसायकलवर आला. हार्डडिस्क आणि दोन्ही पट्ट्या टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या. “मला बाद केलेला म्हणूनच सांगितलं होतं, बाई,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दाजींचं नाव निघालं की ओठ आवळत होता.

ज्ञानेश्वरीताईंनी सगळे भाग टेबलावर मांडले. “मी इंजिनियर झाले, पण पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला तो नोकरीला लागल्यावर. तुम्ही तर खोडरबराने दुरुस्त केलात. आता सांगा, यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं?”

“काहीच टाकायचं नाही,” मनकर्णा म्हणाली. “आता दोन कॉम्प्युटर होतील.”

“आणि दुसरा तुम्ही चौघांनी सांभाळायचा,” थोरात बाई म्हणाल्या. “हो, छगनराव, चौघांनी. मुलांनो, मला आज तुमचा अभिमान वाटतो. प्रज्ञा, तुझं नाव त्या दिवशी मी विचारल्याशिवाय खराब होऊ दिलं, ही माझीही चूक आहे.”

आप्पा रात्रीच्या जेवणाला घरी आले. नगरपर्यंतच्या प्रत्येक थांब्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, हे प्रज्ञाला नंतर ड्रायव्हरकडून कळलं. तिकिटांच्या पेटीतून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं. पिवळ्या मुठीचा नवाकोरा स्क्रू-ड्रायव्हर.

“दुसऱ्याचा कशाला मागायचा?” ते म्हणाले.

प्रज्ञा ताटावरून उठली, हात धुतला आणि फळीवरचा रेडिओ खाली घेतला.

“अगं, त्यो चालू हाय,” आई, जयमाला, चुलीपुढून ओरडली. “त्याला हात लावू नगंस.”

“लावून बघू दे,” आप्पा म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.